आंब्याचे टोक काळे पडणे: रोग की वीटभट्टीचा धूर?

प्रश्न
आमच्या बागेत कैऱ्यांचे खालचे टोक आधी पिवळसर, मग काळे आणि कडक होत आहे. बुरशीनाशकाच्या फवारण्यांनी काहीच फरक पडलेला नाही. बागेच्या कडेला वीटभट्टी आहे. हा धुराचाच परिणाम आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर 1
लक्षणे ‘काळे टोक’ या विकृतीची दिसतात. हा बुरशीजन्य रोग नसल्यामुळे बुरशीनाशकावरचा खर्च वायाच जातो. भट्टीच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीन हे वायू वाढत्या फळाच्या टोकाला इजा करतात. करपा हा बुरशीजन्य रोग असता तर पानांवर आणि मोहोरावरही डाग दिसले असते. येथे मात्र देठाकडचा भाग हिरवागार राहतो आणि काळेपणा टोकाकडून वर सरकतो. भट्टीजवळच्या ओळींपासून दूरच्या ओळींपर्यंत प्रत्येक झाडाची बाधित फळे मोजा. वाऱ्याच्या दिशेने हे प्रमाण उतरत गेले, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

मोहोरापूर्वी, मोहोरात आणि फळधारणेनंतर लिटरमागे 6 ग्रॅम बोरॅक्सची (टाकणखार, बोरॉनयुक्त क्षार) फवारणी शिफारशीत आहे. मात्र काळे पडलेले फळ त्याने सुधारत नाही. फळे वाढण्याच्या काळात भट्टी बंद ठेवणे किंवा तिचे धुराडे उंच करणे, हाच खरा उपाय आहे आणि त्यासाठी भट्टीमालकाशी हंगामापूर्वीच बोलायला हवे.

उत्तर 2
डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावरच लक्ष ठेवू नये. ओझोन हा न दिसणारा वायूही पिकांना इजा करतो, पण तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने आणि कारखाने यांतील नायट्रोजन ऑक्साइड व सेंद्रिय वायूंवर ऊन पडल्यावर तो हवेतच तयार होतो, त्यामुळे शहरापासून दूरच्या बागाही सुटत नाहीत. उदाहरणार्थ, ओझोनमुळे द्राक्षाच्या जुन्या पानांवर शिरा सोडून वरच्या बाजूला बारीक तपकिरी-जांभळे ठिपके पडतात. 1958 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा संबंध ओझोनशी जोडला गेला.

प्रश्नकर्ता
सविस्तर माहितीबद्दल आभारी आहे. काही झाडांच्या पानांच्या कडाही जळाल्यासारख्या दिसतात. त्याचे कारणही धूरच असेल का?

उत्तर 1
शक्य आहे. विटांची माती भाजताना फ्लोराइड बाहेर पडते आणि ते पानांच्या टोकांत व कडांत साचते. परंतु पालाशची (पोटॅशियमची) कमतरता किंवा पाण्यातील क्षार यांमुळेही कडा अशाच जळतात, म्हणून केवळ नजरेने निर्णय घेऊ नका. भट्टीजवळची आणि दूरची, एकाच वयाची पाने वेगवेगळ्या पिशव्यांत भरून फ्लोराइड, पालाश, सोडियम आणि क्लोराइड या चारही घटकांसाठी तपासून घ्या.