‘स्वीट टोरांटो’ पाहिलाय का? अनुभव सांगा

१३ सप्टेंबर १९६९, टोरांटोचं व्हर्सिटी स्टेडियम. बो डिडली, जेरी ली लुईस, चक बेरी, लिटल रिचर्ड हे रॉक अँड रोलचे सुरुवातीचे गायक एकाच दिवशी एकाच मंचावर, आणि आयत्या वेळी आलेला ‘बीटल्स’ बँडचा जॉन लेनन. डी. ए. पेनेबेकरने त्या मैफलीचा केलेला हा माहितीपट. मी लावला लेननसाठी, मनात राहिले ते आधीचे चौघं. या मैफलीचं नाव होतं ‘रॉक अँड रोल रिव्हायव्हल’, म्हणजे जुन्या रॉक अँड रोलचं पुनरुज्जीवन, आणि जेरी ली तेव्हा ३३ वर्षांचा, लिटल रिचर्ड ३६! एवढ्या वयात कुणी जुनं होतं का हो? लिटल रिचर्ड ‘लुसिल’ गातो तेव्हा तर मुळीच वाटत नाही. तुम्हाला काय भावलं ते लिहा.

*

मी तबला शिकवतो. सुरुवातीलाच बो डिडलीचा तो ठेका येतो: आधी तीन ठोके, मग दोन. आपल्या कुठल्याच ठेक्यात तो चपखल बसेना. नात शेजारी पोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन बसली होती. तिने झाकणावर दुसऱ्या फेरीतच बरोब्बर धरला. मला चार दिवस लागले.

*

गणपतीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. मंचावर चढण्याआधी पोटात गोळा यायचा, ओकारीसुद्धा व्हायची. कुणाला सांगायची लाज वाटे. लेननलाही त्या दिवशी मंचावर जाण्याआधी उलटी झाली होती, हे पुढे वाचलं. एरिक क्लॅप्टनसारखा नामवंत गिटारवादक सोबत, पण तालीम काय ती विमानात झालेली. आम्ही एकत्र कधी वाजवलेलं नाही, येतात तीच गाणी वाजवू, असं लेनन लोकांना सरळ सांगून टाकतो. तेवढाच तुकडा मी कितीदा तरी पाहिलाय. त्याचे डोळे सारखे बाजूच्या साथीदारांकडे जातात. मीही तसंच बघायचो.

*

लेननची बायको योको ओनो गाताना ओरडायला लागली तेव्हा पहिल्यांदा मी बंदच केलं. मग कळलं की ते गाणं तिच्या मुलीसाठी, क्योकोसाठी आहे. पुढे १९७१ मध्ये मुलीचा बाप, म्हणजे योकोचा आधीचा नवरा, तिला घेऊन दिसेनासा झाला आणि कित्येक वर्षं मायलेकींची गाठ पडली नाही. गाताना योकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला तो आवाज पुरता ऐकवला, पण खुर्चीतून उठवेना. शेवटी सगळे वादक मंचावरून निघून जातात आणि स्पीकरला टेकवून ठेवलेल्या गिटारी आपापल्या घुमत राहतात, तिथपर्यंत तशीच बसून होते.

*

मी टोरांटोतच असतो. ते जुनं स्टेडियम २००२ मध्ये पाडलं. ब्लूर स्ट्रीटवर त्याच जागी विद्यापीठाचं नवं मैदान आहे. इकडे कुणी येणार असेल तर कळवा, मी घेऊन जाईन.