मदत हवी आहे: लिव्हरपूलमध्ये कोणी मराठी मंडळी आहेत का?

नमस्कार मंडळी, मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि थीसिससाठी लिव्हरपूलची ओरिएल चेंबर्स घेतलीये, वॉटर स्ट्रीट आणि कोव्हेंट गार्डनच्या कोपऱ्यावरची ऑफिसची बिल्डिंग, 1864 ची, आर्किटेक्ट पीटर एलिस. रस्त्याकडून बघितलं तर दगडाचे अगदी सडपातळ खांब आणि त्यांच्यामधून बाहेर आलेल्या काचेच्या खिडक्यांच्या रांगा, म्हणजे आतल्या कारकुनाच्या टेबलावर वरून आणि बाजूनेही उजेड यावा असा सगळा विचार, आणि तेव्हा लोकांनी काचेचे फुगे म्हणून हिला इतकं झोडपलं की वाचून खरंच वाईट वाटतं.

पण माझा जीव अडकलाय तो मागच्या चौकात, म्हणजे बिल्डिंगच्या मागच्या अंगणात. तिथे बीडाचे (कास्ट आयर्नचे) खांब आत राहतात आणि काचेची भिंत त्यांच्या पुढे बाहेर काढलीये, आजच्या ग्लास बिल्डिंगमध्ये करतात तसंच, तेही 1864 मध्ये!! शेवटचं चॅप्टर आपल्या काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलवर आहे, तेही बीडाचं, 1860 च्याच दशकातलं, म्हणून जोडणीची तुलना करायचीये.

तर तिकडे कोणी असेल तर प्लीज, चौकाच्या बाजूचे फोटो मिळतील का? मजला खांबापुढे येऊन काचेला जिथे भेटतो तो भाग जवळून हवाय. 1941 च्या बॉम्बिंगनंतर जोडलेला नवा भाग नकोय, जुनाच. आत जायला परवानगी कोणाकडे मागायची तेही सांगा.