हिमोग्लोबिन १३.२, तरी लोह कमी?

प्रश्न : हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमकुवत झालेल्या) पेशंटचं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन) १४०. रिपोर्टवर नॉर्मल, मग लोहाची कमतरता कशी?

प्रतिसाद १ : लॅबची रेंज इथे चालत नाही. दाहामुळे फेरिटिन फुगतं. १०० च्या खाली म्हणजे कमतरता; १०० ते २९९ असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरलाय ते) बघायचं, ते २० टक्क्यांखाली असलं की कमतरताच. ते किती आहे?

प्रश्नकर्ता : १४. गोळ्या चालतील?

प्रतिसाद २ : फारसा उपयोग नाही. हेप्सिडिन (लोह अडवणारं संप्रेरक) वाढल्याने आतड्यातलं लोह रक्तात उतरत नाही, शौच मात्र काळी होते! शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज (लोहाचं इंजेक्शन) देतात. डोस वजन आणि हिमोग्लोबिन बघून.

प्रतिसाद ३ : सुई नीट बसली आहे ना बघा. औषध बाहेर झिरपलं तर कातडीवरचा तपकिरी डाग सहजी जात नाही. आणि डोसनंतर फेरिटिन लगेच तपासू नका, पहिले काही आठवडे उगाच जास्त दिसतं.