बाबांना १०० म्हणजे ताप, मग कुत्र्याला १०२ नॉर्मल कसं? (नागपूर, मदत हवी आहे)

मानेवाडाकर
नमस्कार. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, गॅलरीतल्या नळाला हात लावला तर चटका बसून राहिला. लिहिण्यात इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

घरात बाबा (वय ७४), मी आणि आमचा लॅब्रॅडॉर शेरू. परवा चारच्या सुमारास बाबा म्हणाले, अंग गरम लागून राहिलं. थर्मामीटर तोंडात ठेवला तर १००. हात कोरडाठक्क, भाजलेल्या पापडासारखा. बनियनवर घामाचा डाग नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून तापाची गोळी दिली. दीड तासाने पाहिलं तर जवळपास तेवढंच. संध्याकाळी शेरूला लस द्यायला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी त्याचं तापमान मोजून १०२ सांगितलं न म्हणाले, "छान आहे." छान?

बाबांना ताप आहे की ऊन लागलं, हे घरी कसं ओळखायचं? गोळीने फरक का नाही पडला? आणि शेरू दिवसभर माठाच्या तिवईखाली ओल्या फरशीला पोट टेकवून हाफत असतो, त्याचे केस भादरून टाकू का?

कूलर चोवीस तास चालू असतो. घर भाड्याचं, मालक खिडकीला स्टँड ठोकू देत नाहीत, म्हणून चाकांचा कूलर खोलीतच आहे. लू आत येते म्हणून बाबा सगळ्या खिडक्या बंद ठेवतात, दाराच्या फटीतसुद्धा ओला टॉवेल. तरी चिकचिक होतेच.

माठातलं_पाणी
ताई, पहिले हे सांगा, मोजायच्या आधी बाबांनी चहा घेतला होता काय?

मानेवाडाकर
हो. चारचा चहा त्यांना मे असो की डिसेंबर, लागतोच.

माठातलं_पाणी
मंग त्या १०० वर भरोसा नाही बाप्पा. गरम चहा झाला की तोंड गरम, थंड मठ्ठा झाला की थंड. अर्धा तास थांबून मोजा. दुसऱ्यांदाचं तेवढंच कसं आलं ते दुसरं कोणी सांगेल.

निवृत्त_मास्तर
जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबवतो.

नॉर्मल म्हणून धरतात तो ९८.६ फॅरनहाइट हा आकडा जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांचा. सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांनी १८६८ साली तो मांडला. पण ती सरासरी आहे, देवाने आखलेली रेघ नव्हे. निरोगी माणसाचंही अंग पहाटे सगळ्यात थंड आणि संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान सगळ्यात गरम असतं. बाबांचं दोन्ही वेळा नेमकं तेव्हाच मोजलंत.

आता गोळीचं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान ठरवतो. जंतुसंसर्गात तोच आपलं ठरलेलं तापमान वर नेतो, म्हणून अंग ३८ अंश सेल्सिअसला असूनही थंडी वाजते, माणूस गोधडी मागतो. पॅरासिटामॉल ते ठरलेलं तापमान खाली आणतं. ऊन लागतं तेव्हा ते हललेलंच नसतं, बाहेरून आलेली उष्णता निघत नाही एवढंच. तिथे गोळी काय करणार? बाबांनी पांघरूण मागितलं होतं का, हे आठवा.

उष्णता निघत का नाही? आपल्या कातडीचं तापमान साधारण ३४-३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तर अंग तिला उष्णता देतं. २३ मे २०१३ ला नागपूरने ४७.९ पाहिलंय, अशा दिवशी हवाच अंगाला उष्णता देते. मग हाताशी एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. लिटरभर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता गळला तर काहीच नाही. माठ झिरपतो आणि बाहेरून वाळतो म्हणून आतलं पाणी गार. तुमच्या बंद खोलीत कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतोय. त्या दमट हवेत घाम वाळायला जागाच नाही.

कूलरची पाठ उघड्या खिडकीला लावा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बाबा रागावतील, रागावू द्या.

आणखी एक. म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही उशिरा कळते. बाबांना बीपीची गोळी आहे का? त्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. स्वतःहून बंद करू नका.

शेणामातीतला
शेरूबद्दल. कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५. कोंबडीचं १०६च्या घरात असतं, तिला आपल्या थर्मामीटरने तपासलं तर रोजच तापाने फणफणलेली. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी सगळा कारभार जिभेवर. हाफणं म्हणजे जीभ-घशातला ओलावा वाळवणं, म्हणून त्यालाही ती दमट खोली नडते.

केस भादरू नका. लॅब्रॅडॉरला दुहेरी केस असतात, ते उन्हापासूनही वाचवतात. नुसते विंचरून सुटलेले केस काढा. आमच्या म्हशीचं सोपं आहे, काळं कातडं, घाम जेमतेम, तर सरळ डबक्यात बसायचं.

१०८_वाला
मास्तरांच्या माहितीत एक घाला. बाबा बडबडायला लागले, ओळखेनासे झाले, झोकांड्या गेले किंवा अंग १०४च्या पुढे गेलं तर हा धागा वाचत बसू नका. १०८ लावा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर साधं पाणी मारा, पंखा लावा, मान-काख-जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. उन्हात काम करणाऱ्याला घामेजल्या अंगानेही होतो.

मानेवाडाकर
सगळ्यांचे आभार. पांघरूण मागितलं नव्हतं, उलट पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला होता.

काल सकाळी सहाला ९७.५, दुपारी चहाच्या आधी ९८.९. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध निघालं. डॉक्टरांनी रक्तातलं सोडियम तपासून या म्हटलं, तोवर गोळी तशीच चालू ठेवायला सांगितली.

खिडकी उघडली. बाबांनी तासभर माझ्याशी अबोला धरला, मग तिथेच आडवे झाले. पाचला उठले तेव्हा पाठीला बनियन चिकटलेलं होतं, मी ते पाहून खूश, ते वैतागलेले. शेरूही आता माठ सोडून कूलरसमोर आलाय आणि जागेवरून दोघांचं रोज चाललेलं असतं.

शेवटचं एक. चाकांच्या कूलरच्या मापाची वाळ्याची ताटी आपल्या महाल भागात कोणी अजून बांधून देतं का? दुकानातली घास आठवडाभरात कुजका वास मारायला लागते.