लहान वकिली ऑफिस, सॉफ्टवेअर आणि एआय : आधी काय घ्यावं? (मदत हवी आहे)

काळा_डगला :

नमस्कार मंडळी. इथे वकील बरेच आहेत आणि आयटीवाले त्याहून जास्त, म्हणून दोघांनाही एकदमच विचारते.

आमचं ऑफिस छोटं आहे. तीन वकील, एक ज्युनिअर आणि एक क्लार्क काका, जे आम्हा सगळ्यांच्या आधीपासून तिथे आहेत आणि कुठली फाईल कुठल्या कपाटात हे फक्त त्यांनाच माहीत. कामं मिक्स आहेत, दिवाणी दावे, करार तपासून देणे, वारसाहक्काची प्रकरणं, थोडं कंपन्यांचं. काम चालू आहे, अडलंय असं नाही, पण तारखा तीन ठिकाणी असतात, काकांच्या डायरीत, माझ्या फोनमध्ये आणि पार्टनरच्या डोक्यात. मसुदे ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर, आणि नावं "फायनल", "फायनल नवीन", "फायनल सरांनी बघितलेलं" अशी. अशिलांनी पाठवलेले कागद अर्धे ईमेलमध्ये अर्धे व्हॉट्सअ‍ॅपवर.

आता पार्टनरनी एका सॉफ्टवेअरचा डेमो बघितलाय आणि ते जाम प्रेमात पडलेत. एकाच वर्गणीत तारखा, बिलं, कागदपत्रं, अशिलांसाठी लॉगिन, वर एआय संशोधन करणार आणि मसुदाही लिहून देणार. त्यांचं म्हणणं सगळे घेतायत, आपण मागे पडतोय. मी विरोधात नाहीये, पण डेमोमध्ये सगळंच छान दिसतं हो, तिथे कुणाची फाईल हरवलेली नसते.

त्यात परवा कळलं की ज्युनिअर फुकटच्या चॅटबॉटमध्ये कराराचे मसुदे टाकून सारांश काढतो. मुलगा हुशार आहे, काम पटकन करतो, पण अशिलाचा कागद तो! बंदी घालावी का? की घातली तरी फोनवर करतीलच?

अजून एक, आम्ही काही अशिलांना तासावर बिल लावतो. तीन तासांचं काम वीस मिनिटांत झालं तर बिल कशाचं लावायचं? पार्टनर म्हणतात तीन तासांचंच. मला ते पटत नाहीये पण उलट मुद्दा नीट मांडताही येत नाहीये.

आणि हे सगळं रोज बदलतंय त्याच्याबरोबर धावायचं कसं? कोर्ट सांभाळायचं की न्यूजलेटर वाचायची? ऑफिसात आयटीचं माणूस नाही, ठेवणं परवडणारही नाही.

फाईलकपाट :

पूर्वी दोघांचं ऑफिस होतं, आता मोठं झालंय, यातून गेलोय. सॉफ्टवेअरचं नंतर बघा, आधी तारखा. वकिलावर निष्काळजीपणाचा दावा होण्याची कारणं बघितलीत तर मुदत चुकणं हे कायम वरच्या नंबरांत असतं, आणि त्याला एआय लागत नाही, एकच कॅलेंडर लागतं. सगळ्यांना दिसणारं, एकच. नोंद एकाने करायची, दुसऱ्याने कोर्टाचा आदेश समोर ठेवून तपासायची. आणि फक्त तारीख टाकून भागत नाही, अपिलाची मुदत असेल तर महिनाभर आधी एक सूचना, आठवडाभर आधी एक, आणि त्या सूचना दोन माणसांना जायला हव्यात, कारण एक माणूस आजारी पडतोच.

काकांची डायरी बंद करू नका! हे मी कळकळीने सांगतो. ती चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी काकांनाच कॅलेंडरशी ताळा करायला सांगा. त्यांना वाटलं पाहिजे की हे आपल्या देखरेखीखाली चाललंय. आमच्याकडे उलट केलं गेलं, क्लार्कना न विचारता सिस्टिम आणली, बरेच दिवस कुणी त्यात नोंदच करत नव्हतं आणि फी मात्र चालू.

फाईलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने सुरुवातीला टाका, मग आपोआप ओळीने लागतात. "फायनल" या शब्दावर बंदी घाला, चॅटबॉटवर घालण्याआधी :)

डेमोला त्यांची नमुना फाईल बघू नका. तुमची सगळ्यात किचकट जुनी फाईल घ्या, नावं बदलून, सहा प्रतिवादी, मधेच एक मयत, वारस रेकॉर्डवर घेतलेले, आणि म्हणा हे आमच्यासमोर भरून दाखवा. खरं काय ते अर्ध्या तासात कळतं. आणि बाहेर पडायचं कसं ते आत जायच्या आधी विचारा, सगळा डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल? नुसत्या पीडीएफ मिळणार असतील तर कुठला कागद कुठल्या प्रकरणातला ही जोडणीच तुटते. पहिल्या वर्षी महिन्याची वर्गणी घ्या, वार्षिक सवलतीला भुलू नका.

सर्व्हररूम :

आयटीवाला आहे, वकील नाही, त्यामुळे कायद्याचं तुम्ही बघा. ज्युनिअरबद्दल : नुसती बंदी चालत नाही, लोक लपून वापरतात आणि मग तुम्हाला कळतही नाही. एक मान्य केलेलं साधन द्या, पैसे भरून, ऑफिसच्या खात्यावर, आणि बाकी सगळं बंद. फुकटच्या खात्यात आणि व्यावसायिक खात्यात मुख्य फरक कराराचा असतो. तुमचा मजकूर त्यांचं एआय मॉडेल शिकवायला वापरणार का, किती दिवस साठवणार, त्यांच्याकडचा कुठला माणूस तो बघू शकतो, डिलीट म्हटल्यावर खरंच जातो का. हे तोंडी विचारू नका, तुम्ही तर वकील आहात, त्यांच्या अटी वाचा की! दुसऱ्यांचे करार पैसे घेऊन वाचता आणि स्वतः "मी सहमत आहे" वर क्लिक करता, हे मी सगळ्या वकिलांकडे बघितलंय.

दुसरं बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसच्या बाहेर. आणि तो बॅकअप परत उघडून बघणे, हे कुणीच करत नाही. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं नसतं, चुकून डिलीट केलेलं सगळीकडून डिलीट होतं. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात डीएलए पायपरसारख्या जगभर पसरलेल्या लॉ फर्मचे फोन आणि ईमेल बंद पडले होते, त्यांच्याकडे आयटीची फौज असताना. तुमच्याकडे फौज नाही, तर निदान सगळ्या खात्यांना दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, त्याला पैसे पडत नाहीत.

काळा_डगला :

दोघांनाही मनापासून धन्यवाद. अटी वाचण्याबद्दलचा टोमणा बसला बरं का, पार्टनरना वाचून दाखवला.

@फाईलकपाट, काकांचं पटलं. एक विचारायचं राहिलं, विक्रीवाला सांगतो की हे एआय वकिलांसाठीच बनवलंय, खऱ्या निकालांच्या डेटाबेसवर चालतं, त्यामुळे खोटे दाखले देतच नाही. यात कितपत तथ्य आहे?

दाखला_दाखवा :

"देतच नाही" म्हणणाऱ्याला हे लिहून द्यायला सांगा, देतो का बघा.

चॅटजीपीटीचं प्रकरण सगळ्यांना माहीत असेल, २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात, माटा विरुद्ध एव्हियान्का. वकिलांनी अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले, न्यायाधीश कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड केला. त्यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट म्हणजे त्या वकिलाने चॅटबॉटलाच विचारलं होतं की हे निकाल खरे आहेत ना, आणि तो हो म्हणाला. साक्षीदारालाच विचारायचं तू खरं बोलतोयस ना, आणि उलटतपासणी संपली!

पण ते सर्वसाधारण चॅटबॉटचं झालं. तुमचा प्रश्न खास कायद्याच्या साधनांचा आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लेक्सिसनेक्सिस आणि थॉमसन रॉयटर्स या कायद्याची माहिती पुरवणाऱ्या कंपन्यांची अशी साधनं तपासली, तेव्हा १७ ते ३३ टक्के प्रश्नांना भ्रामक उत्तरं मिळाली. साध्या चॅटबॉटपेक्षा कमी, पण शून्य नाही. त्यानंतर साधनं बदललीत, आजचा आकडा वेगळा असेल, तरी चूक कशी होते ते समजून घ्या. हे आधी डेटाबेसमधून निकाल शोधतं आणि मग त्यावरून उत्तर लिहितं. त्यामुळे निकाल खरा असतो, क्रमांक खरा असतो, लिंक उघडते, पण त्या निकालात ते म्हटलेलंच नसतं. किंवा वकिलाचा युक्तिवाद कोर्टाचं मत म्हणून येतो. किंवा अल्पमताचा निकाल बहुमताचा म्हणून. किंवा वरच्या कोर्टाने फिरवलेला. हे जास्त धोक्याचं, कारण पूर्ण खोटा निकाल शोधून सापडत नाही म्हणून पकडला तरी जातो.

इंग्लंडमध्ये २०२५ च्या जूनमध्ये हायकोर्टासमोर असंच एक प्रकरण होतं, दिलेल्या ४५ दाखल्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते. आणि ते संशोधन वकिलाने केलंच नव्हतं, अशिलानेच एआय वापरून करून दिलेलं, वकिलाने त्यावर विसंबून पुढे सारलं. म्हणजे तुमच्या ऑफिसात एआय नसलं तरी ते अशिलाच्या फाईलमधून आत येतं. हल्ली तर हे रोजचंच झालंय, अशील स्वतःच मसुदा घेऊन येतो, "फक्त सही करा".

आमच्याकडे नियम एकच आहे, दाखल होणाऱ्या कागदात जो दाखला आहे तो निकाल कुणीतरी उघडून, तो परिच्छेद वाचून, बाजूला आद्याक्षरं टाकायची. आद्याक्षरं नाहीत तर दाखला काढून टाकायचा. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

घरात_एक_वकील :

मी वकील नाही, नवरा आहे वकिलीत. त्याने आजवर घेतलेल्या सगळ्या अ‍ॅप्सची यादी मी द्यायला तयार आहे, सगळी एका महिन्यात बंद. शेवटी टिकलं काय तर बोलून टाईप होणारं. अर्ज बोलतो, मग बसून दुरुस्त करतो. नावं भयंकर चुकतात, कायद्याचे शब्दही, पण त्याची पाठ वाचली. चालू द्या तुमचं.

तासाचा_हिशोब :

बिलाच्या प्रश्नावर कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. पार्टनरना सांगा, अमेरिकन बार असोसिएशनने (तिथली वकिलांची संघटना) जुलै २०२४ मध्ये ५१२ क्रमांकाचं मत दिलंय त्यात हे जवळपास असंच उदाहरण आहे. तासावर बिल असेल तर प्रत्यक्ष गेलेलाच वेळ लावायचा. माहिती भरायला १५ मिनिटं गेली तर १५ मिनिटं, अधिक आलेला मसुदा तपासायला गेलेला वेळ. आणि साधन शिकण्यात घालवलेला वेळ साधारणपणे अशिलाच्या माथी मारायचा नाही. ते मत तुमच्यावर बंधनकारक नसेलही, पण तर्क कुठेही लागू आहे, न केलेल्या तासांचं बिल म्हणजे न केलेल्या तासांचं बिल.

त्याच मतात ज्युनिअरवालाही मुद्दा आहे. जे साधन टाकलेल्या मजकुरातून शिकतं त्यात अशिलाची माहिती टाकायची तर त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि वकीलपत्राबरोबर सही घेतलेलं एक सरधोपट वाक्य त्याला पुरत नाही. काय टाकणार, का, धोका काय, हे सांगायला लागतं.

व्यवहाराचं म्हणाल तर ठरावीक कामांना ठरावीक फी करा. करार तपासणीला एक रक्कम, नोटिशीला एक. मग वेळ वाचला तर तुमचाही फायदा आणि अशिलालाही आकडा आधी कळतो. आम्ही दावे तासावर ठेवलेत कारण समोरचा किती लांबवेल याचा भरवसा नसतो. आणि अशिलाचे आगाऊ पैसे आणि ऑफिसचे पैसे वेगळ्या खात्यात दिसतात का, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये जरूर तपासा, एआयपेक्षा ते जास्त महत्त्वाचं.

सर्व्हररूम :

बोलून टाईप करण्यावरून आठवलं, ते रेकॉर्डिंगही कुठल्यातरी सर्व्हरवर जातं, त्याच्याही अटी वाचा :D

अजून दोन गोष्टी. पीडीएफमध्ये मजकूर काळा करून लपवायचा असेल तर वर काळी पट्टी काढू नका, खालचा मजकूर तसाच राहतो आणि कॉपी करून कुठेही पेस्ट होतो. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांचे एकेकाळचे प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांच्या अर्जात हेच झालं, पत्रकारांनी कॉपी-पेस्ट करून लपवलेलं सगळं वाचलं. मजकूर खरोखर काढून टाकणारं साधन वापरा आणि मग स्वतः शोधून बघा सापडतो का.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी कुठे काढला वगैरे माहिती निघून जाते. पुरावा म्हणून लागणार असेल तर अशिलाला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ फोनमधून डिलीट करू नका म्हणून बजावा, आणि आल्याबरोबर फाईलची हॅश किंमत (फाईलवरून संगणकाने काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून नोंदवा. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ती किंमत बदलते, त्यामुळे पुढे कुणी म्हटलं तुम्ही छेडछाड केली तर दाखवायला काहीतरी असतं.

काळा_डगला :

बापरे, हॅशचं मला माहीतच नव्हतं, ज्युनिअरला माहीत होतं! त्यालाच हे काम देतेय.

पार्टनरशी बोलणं झालं. मोठं सॉफ्टवेअर तूर्त थांबवलंय, नाही म्हटलेलं नाही. सोमवारपासून एक कॅलेंडर, काका ताळा करणार, त्यांनी एकच अट घातली की नोंद ते स्वतः करतील आणि तपासायचं आम्ही. केलं मान्य. ज्युनिअरला ऑफिसचं खातं आणि आद्याक्षरांचा नियम. बिलावर पार्टनर अजून कुरकुरतायत, पण ते मत छापून त्यांच्या टेबलावर ठेवलंय.

अद्ययावत राहण्याचं मात्र कुणी सांगितलं नाही. आणि निकाली निघालेल्या जुन्या फाईली स्कॅन कराव्यात का? दोन कपाटं आहेत.

फाईलकपाट :

सगळ्या नका करू, पैसे वाया. मृत्युपत्रं, मालकीहक्काचे कागद आणि ज्यांची मुदत अजून जिवंत आहे तेवढ्या करा, मूळ कागद अशिलाला पावती घेऊन परत द्या. बाकीच्यांची नुसती यादी करा, नाव, विरुद्ध पक्ष, वर्ष, कपाट. ती यादी नवीन अशील आल्यावर हितसंबंधांचा संघर्ष (आपण आधी त्याच्या विरुद्ध पक्षाचं काम केलंय का) तपासायला लागतेच, आत्ता तुमच्याकडे ती फक्त काकांच्या डोक्यात असणार. स्कॅन करताना मजकूर ओळखणारं सेटिंग चालू ठेवा, नाहीतर नुसते फोटो होतात आणि शोधता काहीच येत नाही.

अद्ययावत राहण्याचं म्हणाल तर मी न्यूजलेटर सगळी बंद केली. महिन्यातून एकदा ऑफिसमध्ये तासभर बसतो, जो तो त्या महिन्यात कशाने वेळ खाल्ला ते सांगतो, आणि फक्त त्याच अडचणीवर कुणीतरी काहीतरी शोधून पुढच्या वेळी दाखवतो. बहुतेकदा उत्तर आधीच घेतलेल्या सॉफ्टवेअरमधलं न वापरलेलं बटण असतं.

यादी कुठल्या कॉलमांची करायची ते हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमची रिकामी शीट पाठवतो.