गेट्झच्या पुढे: शॉर्टर आणि मिल्टन

सॅक्सोफोन आणि ब्राझील म्हटलं की गाडी अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक जुआओ जिल्बेर्तो यांच्यावर थांबते, असं म्हणतात ते खरंच आहे. १९६३ मधलं त्यांचं रेकॉर्डिंग मलाही आवडतं. पण माझं मत विचाराल तर त्यापुढचा टप्पा म्हणजे अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरचा 'नेटिव्ह डान्सर' हा अल्बम (१९७५).

तिथे ब्राझीलचा गायक-संगीतकार मिल्टन नासिमेंतो नुसता पाहुणा गायक नाही, नऊपैकी पाच रचना त्याच्याच आहेत. पहिलीच 'पॉन्ता दे अरेया' ऐका. ब्राझीलमधल्या मीनास जेराइस राज्यातून बाहिया राज्याच्या किनाऱ्याला जाणारी रेल्वे बंद पडली, त्याबद्दलचं हे गाणं. नऊ मात्रांचं चक्र, त्यावर मिल्टनचा तो वरच्या पट्टीतला कोवळा आवाज, आणि मग शॉर्टरचा सोप्रानो (उंच सुरांचा) सॅक्सोफोन. मोजत बसलात तर गंमत जाईल (मी पहिल्यांदा तेच केलं!). सॅक्सोफोन मिल्टनच्या आवाजाच्या इतका जवळून जातो की क्षणभर गातंय कोण, वाजवतंय कोण, कळत नाही.

पियानोवर हर्बी हँकॉक, तालवाद्यांवर आयर्तो मोरेरा. बोसा नोव्हाचा (गेट्झ-जिल्बेर्तोंच्या त्या ब्राझिलियन शैलीचा) झुळझुळीतपणा शोधाल तर निराश व्हाल. हेडफोन लावूनच ऐका.