दोन महिन्यांचा पगार 'राखून' ठेवणाऱ्या संस्थाचालकांनो, थोडं ऐका

खडू_डस्टर:
परवा एका शाळेच्या डायरेक्टर साहेबांची पोस्ट फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. म्हणे हल्लीच्या शिक्षकांना निष्ठा नाही, मध्येच सोडून जातात, म्हणून आम्ही दोन महिन्यांचा पगार आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतो, त्यात गैर काय. खाली ढीगभर अंगठे. निष्ठा मागताय, पण नेमणुकीची लेखी ऑर्डर देता का हो? एप्रिलअखेर नोकरीत ब्रेक, जूनला परत नवीन नेमणूक, म्हणजे दोन वर्षांचं प्रोबेशन कधी पूर्णच होऊ द्यायचं नाही. जॉइन होतानाच बिनतारखेचा राजीनामा लिहून घ्यायचा. खाजगी शाळांतल्या नोकऱ्यांच्या १९७७ च्या एमईपीएस कायद्यात राजीनामा दोन प्रतींत, तारीख घालून, एक प्रत रजिस्टर पोस्टाने असं स्पष्ट लिहिलंय, आणि तो विनाअनुदानितलाही लागू आहे. माझ्या बायकोला नोव्हेंबरात काढलं ते असं, की आधी स्टाफच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून रिमूव्ह, दुसऱ्या दिवशी मस्टरवर नावापुढे लाल रेघ. नोटीस नाही, मेमो नाही, थकलेला पगार तर विचारूच नका.

तालुक्याची_शाळा:
सर, वहिनींचं वाईट झालं. पण संस्थाचालक म्हटलं की तुम्हाला लगेच साखर कारखाना आणि फॉर्च्युनर दिसते. माझ्या शाळेला अजून पत्रे आहेत. सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं की गणिताचे सर दहावीचा वर्ग टाकून जिल्हा परिषदेत हजर, मी त्या पोरांना काय सांगू? आरटीईची, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातली २५ टक्के मुलं आम्ही फुकट घ्यायची, सरकारने मुलामागे वर्षाला १७,६७० ठरवले आणि तेही थकवले. वरून पालक. आयफोन हप्त्यावर चालतो, फी मात्र पुढच्या महिन्यात. पगार कुठून देऊ, किडनी विकून?

दोन_पोरांची_आई:
आलं का पालकांवर! युनिफॉर्म ठरलेल्या दुकानातूनच, वह्या शाळेतूनच, स्मार्ट क्लासचे वेगळे आणि प्रोजेक्टरवर वर्षभर फडकं. २०२१ ला कोरोनात १५ टक्के फी कपातीचा जीआर निघाला, आमच्या शाळेने तो वाचला तरी का देव जाणे, पण त्याच काळात बाईंना अर्धा पगार. आम्ही भरलेली फी गेली कुठं मग?

तालुक्याची_शाळा:
ताई तुमची शहरातली मोठी शाळा असेल, माझ्या नावावर बिल फाडू नका. इथं फी बुडवून पोरगं सरळ शेजारच्या शाळेत नेतात, आणि दाखला नसला तरी प्रवेश द्या असं कायदाच म्हणतो. आम्ही बसायचं बोंबलत.

दोन_पोरांची_आई:
मग काय, दाखला अडवून आठ वर्षांच्या पोराला ओलीस धरू देऊ? पोरांचे दाखले, शिक्षकांची सर्टिफिकेटं... ऑफिसात कपाट आहे की सावकाराची पेटी?

तालुक्याची_शाळा:
तोंड सांभाळून बोला. सावकाराने गावात शाळा काढलेली पाहिलीय का कधी?

निवृत्त_गुरुजी:
अहो फीचं पुरे. शिक्षक पोरं शाळेला २० टक्के, ४० टक्के सरकारी अनुदान मिळेल या नादात आझाद मैदानात आंदोलनाला बसून म्हातारी झाली त्यावर कुणी बोलत नाही. असो. खडू_डस्टर, सरळ लेबर कोर्टात जा.

कोर्टाची_पायरी:
गुरुजी, चुकीचा पत्ता देऊ नका. शिक्षक कामगारांत मोडत नाही, १९८८ साली सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या शिक्षिकेच्याच केसमध्ये तसं ठरवलंय. शाळेचा बस ड्रायव्हर तिकडे जाऊ शकतो, बाई नाही. आपल्याकडे शाळा न्यायाधिकरण, त्याच एमईपीएस कायद्याचं कलम ९, आणि अपिलाची मुदत फक्त ३० दिवस. लेखी ऑर्डर नाही म्हणून वाट बघत बसू नका, तोंडी काढलं तरी अपील होतं, उशीर झालाच तर कारण पटवून द्यावं लागतं.

आता माझं ऐका, मीही शिक्षकच होतो. खात्यात ३२ हजार यायचे, त्यातले १४ काढून क्लार्कला रोख परत. त्याच्याकडे एक लांबडी वही, सही कुणाची नाही, नुसती टिकमार्क. केस उभी राहिल्यावर संस्थेने माझंच बँक स्टेटमेंट पुढं केलं, बघा, पूर्ण पगार देत होतो. मागच्या पगाराचंही, म्हणजे काढल्यापासूनच्या बुडालेल्या पगाराचं, तेच. काढणं बेकायदा ठरलं तर साधारण पूर्ण मागचा पगार द्यायचा असं २०१३ चा निकाल सांगतो, पण मध्ये तुम्ही दुसरीकडे कमावत नव्हता हे शपथेवर सांगावं लागतं. मी घरी शिकवण्या घेत होतो, संस्थेने दारावरच्या पाटीचा फोटो आणला. पोट बांधून बसायचं होतं का?

तालुक्याची_शाळा:
रोख परत घेणारे हरामखोरच आहेत, मान्य. सर्टिफिकेटंही उद्याच परत देतो, हार घालून. पण दहावीचा वर्ग सोडून पळणाऱ्याचं काय करू, ते सांगा की.

कोर्टाची_पायरी:
एमईपीएसचाच नियम ४० वाचा. सोडून जाताना कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, बाकीच्यांनी एक महिन्याची, कमी पडली तर तेवढा पगार त्याने भरायचा. तुमची सोय कायद्यात आहेच साहेब. पण तीन महिने पाहिजे असतील तर आधी कायम करावं लागतं, आणि ते तुम्हाला नको असतं.

खडू_डस्टर:
हेच तर म्हणतोय पहिल्यापासून. आणि सलग नोकरीची ठरलेली वर्षं भरली की ग्रॅच्युइटी पण आली, शिक्षकांना ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू, २०२२ ला सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलंय. म्हणून ते ब्रेक.

तालुक्याची_शाळा:
ठीक आहे वकीलसाहेब, सगळे तुम्ही शहाणे. गणिताला कुणी मिळत असेल तर कळवा. पगार वेळेवर देईन.

दोन_पोरांची_आई:
आणि ऑर्डर?

तालुक्याची_शाळा:
ते समोरासमोर बोलू.